आमचे व्याही आणि फरार हवा

आमच्या व्याह्यांइतका हवेवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. शेजारच्या गडचिरोलीत तर शोधूच नये, कारण तिथली हवा अजून इतकी सज्जन आहे की तिच्यावर संशय घेणारा माणूस तिथे निपजायला काही कारणच नाही. माणसांवर मात्र व्याह्यांचा पूर्ण भरवसा. घराला कुलूप नाही, मोटारसायकलची किल्ली मोटारसायकललाच, आणि अंगणातलं फावडं कोण घेऊन गेलं हे ते कधी विचारत नाहीत. पण खोली तासभर बंद राहिली की आतली हवा त्यांच्या दृष्टीने आरोपी. दार उघडायचं, उंबऱ्याबाहेर थांबायचं, आतला कोपरा न् कोपरा नजरेने तपासायचा आणि मगच पाय टाकायचा. आमच्याकडे पाहुणे म्हणून आले की हात धुवायच्या आधी खिडक्या उघडतात. देवघरालाही त्यांनी सोडलेलं नाही. एकदा आमच्या हिने समई लावून दार ओढून घेतलं, तर यांनी ते उघडून देवांनाही मोकळं केलं.

ह्या स्वभावाला कारण त्यांची नोकरी. एकतीस वर्षं ते कोळशाच्या भूमिगत खाणीत सरदार होते. सरदार म्हणजे घोडा-तलवारवाले नव्हेत. पाळी सुरू व्हायच्या आधी हातात तेलाची बत्ती घेऊन खाली उतरायचं, बोगद्यातली हवा तपासायची, आणि सगळं ठीक असेल तर कोळशाच्या भिंतीवर खडूने तारीख आणि सही करायची. ती सही दिसल्यावर बाकीचे कामगार आत जाणार. जाळीच्या त्या बत्तीची भाषा त्यांना पाठ होती. ज्योतीवर निळसर टोपी चढली की जळणारा वायू आहे, पळा. ज्योत मिणमिणायला लागली की कार्बन डायऑक्साइड आहे, तरीही पळा, पण वरच्या अंगाने. कारण हा वायू जड. तो खाली जमतो, खड्डा दिसला की त्यात ठाण मांडतो. व्याही त्याला ‘बसकी हवा’ म्हणतात. हा शब्द त्यांचा स्वतःचा आहे आणि त्यांना त्याचा फार अभिमान आहे. निवृत्त होताना इतरांनी घड्याळं घेतली, शाली घेतल्या. ह्यांनी भंगारात निघालेली एक बत्ती मागून घेतली. ती अजून रोज घासूनपुसून खुंटीला लागलेली असते.

माझ्या मुलीला, शुभांगीला, पाहायला ही मंडळी वरोऱ्याला आली तेव्हा मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही बैठकीत गालिचा अंथरून, पोह्यांवर खोबरं पेरून वाट बघत बसलेलो, आणि मुलाचे वडील परसात. तिथे ते आमच्या जुन्या विहिरीत वाकून पाहत होते. मला वाटलं, पाण्याची सोय बघताहेत. परत आले आणि म्हणाले, ‘‘विहीर साफ कराले मानूस उतरवाल तर आंदी कंदील सोडून पाहा. कंदील जगला तर मानूस जगते.’’ शुभकार्याच्या बैठकीत असं वाक्य आमच्या सात पिढ्यांनी ऐकलं नसेल. मग शुभांगी आली. मुलगी स्वयंपाक करते का, नोकरी करणार का, असलं काही न विचारता ते म्हणाले, ‘‘बेटा, लय दिवस बंद असलेल्या खोलीचं दार उघडलं, तर आंदी काय करशील?’’ शुभांगी थोडा विचार करून म्हणाली, ‘‘थोडं थांबीन. उंदीर असतात.’’ व्याही आपल्या बायकोकडे वळले आणि म्हणाले, ‘‘थांबते. झालं मंग.’’ पोहे अजून कोणी तोंडात घातले नव्हते, पण लग्न ठरलं होतं.

तेव्हापासून मी त्यांच्या पाहुणचाराचे चटके, म्हणजे खरं तर गारठे, खात आलो आहे. त्यांचं गाव कोळसा संपतो आणि धान सुरू होतो अशा काठावर. पौषात तिथे अशी थंडी पडते की तोंडातून शब्द निघायच्या आधी वाफ निघते, आणि व्याह्यांचा नियम असा की पाहुण्याच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या समोरासमोर उघड्या पाहिजेत. मी दोन गोधड्या मागितल्या तर त्यांनी चार दिल्या, पण खिडकी लावू दिली नाही. ‘‘थंडीनं सर्दी होते, इवाई. बसक्या हवेनं मानूस उठतच नाई.’’ आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाशी वाद घालायचा नसतो, म्हणून मी कानटोपी ओढून पडून राहिलो. विहीणबाईंचा ह्या सगळ्याला एकच तोडगा आहे. त्या ऐकतच नाहीत. नवरा खिडक्या उघडत पुढे जातो आणि त्या मागून लावत जातात. असा त्यांचा संसार पस्तीस वर्षं सुखाचा झाला आहे.

गावाच्या पूर्वेला एक बंद पडलेली खाण आहे. व्याह्यांनी ऐन तारुण्यात पहिली पाळी केली ती तिथेच. कोळसा संपला, तोंड बुजवलं, रूळ उचलून नेले आणि वर पळस-बोरी वाढल्या. पण तोंडापासून थोड्या अंतरावर जमिनीत एक भेग राहिली. हात जाईल एवढी रुंद आणि चार बैलजोड्या उभ्या राहतील एवढी लांब. आत कुठे तरी उरलेला कोळसा धुमसतो आहे, त्यामुळे थंडीत तिच्या काठचं गवत कोरडं असतं आणि गावातली कुत्री तिथे झोपायला जातात. व्याही रोज सकाळी फिरायला जातात ते ह्या भेगेपर्यंत. पाच मिनिटं उभं राहायचं, ‘‘चालू आहे’’ असं स्वतःशी म्हणायचं आणि परत यायचं. लोक म्हातारपणी देवळात जातात. आमचे व्याही भेगेवर जातात.

तिथेच त्यांना ती सर्व्हेवाली मुलगी भेटली. नागपूरच्या कुठल्याशा संस्थेची, पाठीला पिशवी, हातात पेटीएवढं यंत्र. आसपासच्या खाणींतून किती वायू निसटतो ते ती मोजत होती. व्याह्यांनी तिला घरी आणलं, भाकर आणि वांग्याची भाजी खाऊ घातली, आणि मी नेमका तेव्हा तिथे असल्यामुळे तिचं सगळं बोलणं मलाही ऐकायला मिळालं. ती म्हणाली, वीज आणि इंधन तयार करताना जो कोळसा भट्टीत जळतो त्याचा धूर प्रत्येक देश एका खात्यात मोजतो. पण कोळसा भट्टीत जायच्या आधीच खाणीतून, ढिगातून, भेगांतून, नळांच्या सांध्यांतून जो वायू सटकतो, त्याची मोजदाद निराळी करावी लागते आणि जगाला सांगावी लागते. त्याला म्हणतात फ्युजिटिव्ह. व्याह्यांचा घास हातातच राहिला. ज्या वायूच्या मागे आपण एकतीस वर्षं बत्ती घेऊन फिरलो, त्याला असं भारदस्त नाव आहे आणि दिल्लीत कोणी तरी त्याची चौकशी करतंय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ‘‘त्याले मराठीत काय म्हनतेत?’’ त्यांनी मला विचारलं. आता, मी नोकरीभर कचेरीत आवक-जावक सांभाळलेली, आणि वरोऱ्यात माझ्या शुद्ध मराठीला थोडंफार नाव आहे. मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन शब्दकोश उघडला आणि फोन करून सांगितलं, ‘‘फरारी.’’ इथे माझी चूक झाली, पण ती कळायला वेळ लागला.

त्या एका शब्दाने व्याह्यांच्या घरातली सगळी वाफ, धूर आणि वास ह्यांची दोन गटांत फाळणी केली. चिमणीतून जाणारा धूर हा ड्युटी करून, हजेरी लावून, गेटपास घेऊन गेलेला. त्याबद्दल तक्रार नाही. भेगेतून जाणारा तो फरार. कुकरच्या शिट्टीतून गेलेली वाफ ड्युटीवाली, झाकणाच्या बाजूने गेली तर फरार. सिलिंडरच्या नळीला ते रोज साबणाचं पाणी लावून बघू लागले. नातवाच्या बारशाला कोणी सोड्याची बाटली उघडली, तर हे तिच्या तोंडाशी कान नेऊन म्हणाले, ‘‘ऐका. हा सगळा पैदल पळून राह्यला.’’ पाहुण्यांना वाटलं, आजोबांना आनंद झाला आहे, आणि ते खरंही होतं. एकदा विहीणबाईंनी रागाने पोळपाट आपटला आणि म्हणाल्या, ‘‘आता मीच एक दिवस फरार होऊन जाईन, मंग मोजत बसा.’’ व्याही शांतपणे म्हणाले, ‘‘तुमी नाई जात. तुमी बसकी हवा.’’ त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकमेव प्रेमाचं वाक्य आहे, असं शुभांगी म्हणते.

पण त्यांच्या मनाला एक टोचणी लागली. ती मुलगी मोठ्या खाणी मोजून गेली. गावच्या भेगेकडे तिने नुसतं पाहिलं होतं. देशाच्या आकड्यात आपली भेग नाही ह्याचं व्याह्यांना फार वाईट वाटायला लागलं. ‘‘देश म्हनते आमी इतकं सोडून राह्यलो, अन् आमचं त्याच्यात धरतच नाई. हे खोटं बोलनं झालं का नाई, इवाई?’’ त्यांनी मला अर्ज लिहून मागितला. आयुष्यात मी कोणाला अर्जाला नाही म्हटलेलं नाही. मी बैठक मारली, दोन पानी अर्ज लिहिला आणि वर ठळक अक्षरांत विषय टाकला: ‘मौजे शिवारातून दररोज फरार होत असलेल्याबाबत व शासनाचे त्याकडे दुर्लक्ष असल्याबाबत.’ वायूचा उल्लेख दुसऱ्या पानावर होता. पण आवक-जावकचा माणूस दुसरं पान वाचत नाही, हे मी, जन्मभर आवक-जावक केलेल्या माणसाने, विसरायला नको होतं. नक्षलवाद्यांच्या शेजारात राहणाऱ्या आमच्या भागात ‘फरार’ हा शब्द कोणी सहज घेत नाही. अर्ज ज्या कचेरीत गेला तिथून तो दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे गेला, आणि तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून दोन शिपाई व्याह्यांच्या अंगणात उतरले.

मी तेव्हा तिथेच होतो, कारण नातवाला बघायला गेलो होतो. थोरल्या शिपायाने वही काढली, आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘‘भाऊ, फरार इसमाले तुमी सोता पाह्यलं?’’

‘‘पाहाले नाई येत,’’ व्याही म्हणाले. ‘‘त्याले रंग नाई.’’

शिपायाने लिहून घेतलं. ‘‘बांधा?’’

‘‘जड. सखल जागा दिसली का बसते. हालत नाई.’’

‘‘काही ओळखीची खून?’’

‘‘वास नाई, आवाज नाई. बाजूले येऊन बसला तरी समजत नाई.’’

धाकटा शिपाई खुर्चीवरून उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. थोरल्याने विचारलं, ‘‘साथीदार?’’

‘‘आहेत एकदोन. त्याच्यातला एक तं ह्याच्याहून घातकी.’’

‘‘अन् कवापासून फरार आहे?’’

‘‘खदान बंद झाली तवापासून. रोज निंगते. आज सकाळीबी निंगताना होतो मी तिथी.’’

‘‘मंग पकडलं काऊन नाई?’’

‘‘एकट्याच्यानं होते का बाप्पा?’’ व्याही कळवळून म्हणाले. ‘‘म्हनून तं अर्ज केला.’’

मी मध्ये पडलो नाही हे कबूल करतो. एक तर मला हसू आवरत नव्हतं, आणि दुसरं, अर्ज माझा होता. शेवटी विहीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘कार्बनचं बोलून राह्यले ते. गॅसचं.’’ थोरल्या शिपायाने वही मिटली आणि चहा प्याला. मग दोघंही भेग पाहायला गेले. व्याह्यांनी त्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं करून सगळं समजावून सांगितलं, आणि जाताना थोरला त्यांना चक्क सलाम करून गेला. पोलिसांनी अर्ज योग्य कचेरीकडे पाठवला. महिन्याभराने तिथून माझ्या सुंदर अर्जाला दोन ओळींचं उत्तर आलं: सदर भेगेतून होणारे उत्सर्जन नगण्य स्वरूपाचे असून कार्यवाहीची आवश्यकता नाही. व्याह्यांनी मला नगण्यचा अर्थ विचारला. मी म्हटलं, ‘‘मोजण्यासारखं नाही असं.’’ त्यांनी कागदाची घडी घातली आणि त्या दिवशी एकही खिडकी उघडली नाही. मला कानटोपी घालावी लागली नाही, पण झोपही आली नाही.

त्या उत्तराचा खरा ताप पुढे झाला. झाडीपट्टीत, म्हणजे व्याह्यांच्या ह्या मुलखात, धान कापून झालं की नाटकांचा हंगाम लागतो. गावोगाव शंकरपट भरतो, बैल पळतात, आणि रात्रभर नाटक होतं. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात. ज्या गावात नाटक नाही त्या गावात मुलगी द्यायलासुद्धा लोक का-कू करतात. नाटकाला मांडव घालतात शेतातच. मंच एका टोकाला, आणि त्याच्यासमोर जमीन उतरती खोदून घेतात, म्हणजे मागच्यालाही दिसतं. सगळ्यात पुढे, सगळ्यात खाली, बारदान्यांवर लहान पोरं. ती पहिल्या अंकाला टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या अंकाला तिथेच आडवी होतात. ह्या वर्षी गावच्या नाट्य मंडळाचे अध्यक्ष गजाननभाऊ ह्यांना एक नामी जागा सुचली. बंद खाणीजवळ एक मोठं खोलगट होतं, जमीन खचून आपोआप झालेलं, वाटीसारखं गोल. खोदायची गरजच नाही. अडचण एवढीच की भेग त्या खोलगटाच्या कडेलाच होती.

व्याह्यांनी ऐकलं आणि तसेच अनवाणी मंडळाच्या बैठकीत गेले; नातवाला बघायला आलेला मीही मागोमाग. तिथी नाटक नाई कराचं, म्हणाले. बसकी हवा खाली उतरते, पोरं खालीच झोपतेत. गजाननभाऊ वाईट माणूस नव्हे. शांतपणे ऐकून घेतलं. पण त्यांच्याजवळ कागद होता. माझ्या अर्जाचं उत्तर व्याह्यांनीच ग्रामपंचायतीत दाखवलं होतं आणि त्याची एक प्रत तिथे राहिली होती. गजाननभाऊंनी ती काढून वाचून दाखवली. ‘‘पाहा भाऊ, सरकारच म्हनते नगण्य. कुत्री झोपतेत तिथी, काही झालं का त्याइले? दहा वर्सात एक तरी मेलं का?’’ कोणी तरी मागून म्हणालं, ‘‘फरार पकडाले पोलीस बलावून घ्या,’’ आणि सगळी बैठक हसली. मीही आयुष्यात पुष्कळ अर्ज लिहिले, पण स्वतःच्या अर्जाने स्वतःच्याच माणसाला असं तोंडघशी पाडलेलं पहिल्यांदा पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्याही म्हणाले, ‘‘बत्ती लावून पाहू. बत्ती खोटं बोलत नाई.’’ लगेच, भर दुपारी, सगळे खोलगटाशी गेले. व्याह्यांनी बत्ती पेटवली, लांब बांबूच्या टोकाला बांधली आणि हळूहळू खाली सोडली. बत्ती जळत राहिली. अगदी तळाला टेकली तरी देवासमोरच्या निरांजनासारखी सरळ जळत राहिली. वारा छान वाहत होता. पोरांनी टाळ्या पिटल्या. गजाननभाऊ हसले नाहीत, हे त्यांच्या चांगुलपणाचं. ते फक्त म्हणाले, ‘‘चला भाऊ, घरी चला आता.’’ व्याह्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही ओशाळेपणा नव्हता. त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. ‘‘आज वारा आहे, ऊन आहे. आज खदान श्वास आत घेऊन राह्यली. आभाळ भरन, हवेचा दाब उतरन, वारा पडन, तवा ते बाहेर सोडते. त्या दिवशी मी हाक मारतो. तवापर्यंत मंच नका बांधू.’’ नाटकाला पंधरा दिवस होते. गजाननभाऊ म्हणाले, चार दिवस थांबतो, त्याच्यावर नाही.

ते चार दिवस मी मुद्दाम तिथेच मुक्काम केला. व्याही अंगणात खाट टाकून आभाळाकडे पाहत बसायचे आणि आभाळ लख्ख निळं. शेतकऱ्याने पावसाची वाट पाहावी हे मी जन्मभर पाहिलं, पण धान कापून खळ्यावर पडलेलं असताना आभाळ भरून येवो अशी इच्छा धरणारा माणूस गावात एकटाच होता आणि तो माझा व्याही होता. लोक येताजाता विचारत, ‘‘काऊन भाऊ, खदानीनं श्वास सोडला का नाई?’’ विहीणबाई वाटेकडे पाठ करून धान पाखडायच्या. तिसऱ्या दिवशी त्या मला हळूच म्हणाल्या, ‘‘ह्याइचं खरं निंगालं तं बरं. नाई निंगालं तं हे घराबाहेर नाई पडनार आता.’’ नवऱ्याच्या मागे खिडक्या लावत फिरणाऱ्या त्या बाईचे डोळे भरून आले होते.

चौथ्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटलं. थेंब नाही, पण वारा असा पडला की पळसाचं पान हालेना. चारच्या सुमाराला व्याह्यांनी बत्ती घेतली आणि गावातून हाका मारत निघाले. निम्मं गाव गंमत म्हणून आलं. त्यांनी सगळ्यांना कडेवर, वरच्या अंगाला उभं केलं आणि बांबू पुढे केला. मी त्यांच्या दंडाला धरून उभा होतो. ते पडतील म्हणून की मलाच आधार हवा म्हणून, सांगता येत नाही. बत्ती तळापासून कमरेच्या उंचीवर आली आणि ज्योत पिवळी पडली. गुडघ्याच्या उंचीवर आली, मिणमिणली. आणखी वीतभर गेली आणि विझली. व्याह्यांनी बांबू वर घेतला, बत्ती पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच विझली. आयुष्यात प्रकाश गेल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ते लहान मुलासारखे हसायला लागले, मला म्हणाले, ‘‘दिसलं ना इवाई? तुमाले सोताले दिसलं ना?’’

गजाननभाऊंनी बांबू त्यांच्या हातून घेतला. टोकाला चिंधी बांधून, पेटवून स्वतः खाली सोडली. विझली. दुसरी बांधली. तीही विझली. मग त्यांनी वळून पाहिलं. गावातली कुत्री आज खोलगटात नव्हती, वर कडेला येऊन बसली होती. कुत्र्यांना जे कळलं होतं ते मंडळाला कळायला एवढा वेळ लागला. गजाननभाऊ खाली बसले आणि एवढंच म्हणाले, ‘‘पोरं इथीच झोपनार होती, भाऊ.’’ दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव हनुमानाच्या देवळामागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कुदळी घेऊन खणत होतं. बायका घमेली वाहत होत्या, मी पाण्याचा गुंड घेऊन फिरत होतो, आणि व्याही, ज्यांना कोणी काम करू देत नव्हतं, ते बांधावर उभे राहून हवा चांगली असल्याचं दर तासाला जाहीर करत होते. खोलगटाभोवती काट्यांचं कुंपण झालं. ग्रामपंचायतीने पाटी लावायची ठरवली आणि ती नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरकडे दिली. त्याने लाल अक्षरांत लिहिलं: ‘सावधान. येथून फरार होतो. बसू नये.’ ह्या वेळी मजकूर मी दिला नव्हता.

त्या सर्व्हेवाल्या मुलीलाही मी फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं, पुन्हा यायचं कबूल केलं आणि व्याह्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की काका, तुमची भेग मोजली तरी देशाच्या आकड्यात ती दशांश चिन्हाच्या पुष्कळ मागे कुठे तरी जाईल, दिसणार नाही. व्याही म्हणाले, ‘‘मागं का होईना, राहीन ना पन?’’ ती म्हणाली, राहील. तेवढ्यावर त्यांनी गावात पेढे वाटले.

नाटक रात्रभर झालं आणि फार रंगलं, असं सगळे म्हणाले. मी दुसऱ्या अंकाला पोरांसारखाच झोपलो. जाग आली तेव्हा फटफटलं होतं, मंचावरचे दिवे उतरवणं चाललं होतं, आणि व्याही मांडवाच्या पुढच्या टोकाला एकटेच उभे होते. मी डोळे चोळत त्यांच्याजवळ गेलो. खाली बारदान्यांवर चाळीसपन्नास पोरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पसरली होती. आया येऊन एकेकाला हलवत होत्या. एक पोर उठून रडायला लागलं, एकाला चप्पल सापडेना, एक मुलगी बसल्या बसल्या पुन्हा कलंडली आणि तिच्या आजीने तिला काखेत उचलून नेलं. व्याही बघत होते. मी म्हटलं, ‘‘चला, चहा घेऊ.’’ ते म्हणाले, ‘‘थांबा, इवाई. सगळे उठू द्या.’’ मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, ‘‘पाळी सुटली का मी खदानीच्या तोंडाशी असाच उभा राहो. एकेक मानूस वर ये, तोंड धुये, सायकल काढे अन् घरी जाये. एकतीस वर्सं. माझ्या पाळीत कधी काहीच झालं नाई. म्हनून कोनाले मालूमच नाई का मी तिथी काय करत होतो.’’

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. शेवटी बारदान्यावर एकच पोरगा उरला, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. त्याची आई लांबून हाका मारत येत होती. व्याही खाली उतरले, त्याच्याजवळ उकिडवे बसले, पण त्यांनी त्याला उठवलं नाही. त्याची छाती वरखाली होत होती, तिकडे ते बघत राहिले. आई आली, तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तो कुरकुरत उठून घरी गेला.